बाजूला काढलेल्या बशा

मंडळाच्या कार्यक्रमात नवीन ओळख झाली की पहिला प्रश्न ठरलेला असायचा, "काकू, तुम्ही कुठे असता?" म्हणजे कुठल्या कंपनीत. इथे अमेरिकेत, रेडमंडला, या प्रश्नाचं उत्तर बहुतेक घरांतून एकच येतं, सॉफ्टवेअर. मी म्हणायचे, "मी हृदयं वाढवते. बशीत." मग समोरची बाई एकतर हसायची, नाहीतर हातातली साबुदाण्याची खिचडी जरा लांब धरायची.

आता रिटायर झाले, वेळ आहे, आणि मंडळाच्या अंकाच्या संपादकबाई म्हणाल्या की एकदा नीट लिहूनच टाका. तेव्हा सांगते.

माझं शिक्षण मॅट्रिक. त्यानंतर लग्न, त्यानंतर अमेरिका. मुलं शाळेत जायला लागली आणि इथल्या पावसाळी हिवाळ्यात घरात बसून डोकं फिरायची वेळ आली, तेव्हा तलावापलीकडच्या विद्यापीठात एका प्रयोगशाळेत काचेची भांडी धुवायला लागले. धुता धुता शेजारच्या टेबलावर काय चाललंय ते बघायचं आणि विचारायचं. विचारायची लाज मला कधी वाटली नाही. पुढे पेशी वाढवणारी बाई नोकरी सोडून गेली आणि दुसरी मिळेपर्यंत म्हणून मला तिच्या खुर्चीत बसवलं. ती दुसरी त्यांना २००८ मध्ये मी रिटायर होईपर्यंत काही मिळाली नाही.

काम असं. हृदय म्हटलं की आपल्याला मुठीएवढी एक वस्तू दिसते, पण ते असंख्य पेशींचं बनलेलं असतं. नुकत्याच जन्मलेल्या उंदराच्या पिल्लाच्या हृदयातल्या या पेशी सुट्या करायच्या, गुलाबी रंगाच्या पोषक पाण्यात घालायच्या, आणि लहानशा बशीत गोल काचेवर ओतून गरम पेटीत ठेवायच्या. पिल्लांचं काम वरच्या मजल्यावर डेल नावाचा माणूस करायचा. मला ते करायला कधी कुणी सांगितलं नाही. पण माझ्यापर्यंत येणारी ट्यूब कुठून येते हे मला माहीत होतं, आणि त्याचं काही वाटायचं नाही असं मी म्हणणार नाही. आलेल्यातलं होता होईतो वाया जाऊ द्यायचं नाही, एवढं मी स्वतःपुरतं ठरवलं होतं.

पहिल्या दिवशी प्रत्येक पेशी आपली आपली थडथडत असते. मग त्या हातपाय पसरतात, शेजारणीला चिकटतात, आणि एक दिवस बघावं तर सगळी बशी एकदम ठोके देत असते. पहिल्यांदा मायक्रोस्कोपमधून ते बघितलं तेव्हा मी आमच्या प्रोफेसरांना, म्हणजे बॉबला, विचारलं, "यांना एकदम कोण सांगतं?" तो म्हणाला, "कोणी नाही. त्या एकमेकींना सांगतात." पुढे पुष्कळ भाषणं ऐकली, पण याहून सोपं मला कुणी सांगितलं नाही.

ही सांगासांगी विजेची असते. म्हणून बशीच्या कडेला प्लॅटिनमची बारीक तार टेकवून इवलासा विजेचा टोला दिला, की तिथून लाट निघते आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत जाते. पेशींना एक खास रंग पाजला की कॅमेऱ्यात ती लाट दिसते. निरोगी लाट सरळ जाते आणि विझते. पण कधी कधी ती स्वतःभोवतीच फिरायला लागते, भोवऱ्यासारखी, आणि थांबतच नाही. बशीत ते बघायला सुंदर असतं. माणसाच्या छातीत तसं झालं तर माणूस जातो.

आता एक विषयांतर. आमच्याकडे थंडीत इडलीचं पीठ काही केल्या फुगत नाही. मंडळातल्या एकीने मला खरोखर विचारलं होतं, "काकू, तुमच्या त्या गरम पेटीत एक पातेलं राहील का हो?" राहील, पण मग बशांत पेशींऐवजी इडल्या वाढतील. आंबलेल्या पिठातले जंतू कपड्यांवरून, हातांवरून कुठेही पोचतात. एकदा एका आठवड्याच्या सगळ्या बशा गढूळ झाल्या आणि माग काढत काढत ते आमच्या एका मद्रासी विद्यार्थ्याच्या डोशांपर्यंत गेलं. तेव्हापासून माझा नियम होता, घरी पीठ वाटायचं ते शुक्रवारी संध्याकाळीच. सोमवारपर्यंत मी पुन्हा सोवळी.

असो. केतकीकडे येते.

केतकी नागपूरची. तिथून इंजिनिअरिंग करून पीएच.डी.ला आलेली. बारीक चणीची, बोलायला फटकळ, आणि जेवायला कुणी बोलावलं तर नाही न म्हणणारी. तिचं काम अर्धं कॉम्प्युटरवर आणि अर्धं माझ्या बशांवर. कॉम्प्युटरमध्ये तिने हृदयाच्या पापुद्र्याचं मॉडेल केलं होतं, म्हणजे हजारो बारीक चौकोन, प्रत्येक चौकोन एक पेशी, आणि कोण कोणाला केव्हा वीज देणार याचं गणित. मॉडेल सांगायचं, इथे असा टोला द्या, तसं होईल. मग ती माझी बशी घेऊन तसं होतंय का बघायची.

तिला शोधायचं होतं ते असं. ज्यांच्या हृदयात भोवरा सुटायची भीती असते त्यांच्या छातीत डॉक्टर एक छोटं यंत्र बसवतात. भोवरा सुटला की ते मोठा झटका देऊन सगळं एकदम पुसतं. माणूस वाचतो, पण झटका भयंकर लागतो, आणि पुन्हा केव्हा बसेल या धाकात तो जगतो. केतकीचं म्हणणं, मोठ्या झटक्याऐवजी एका तारेतून अगदी लहान टोले एकामागून एक दिले, तर भोवरा ढकलत ढकलत बशीच्या कडेला नेता येईल आणि तिथे तो विझेल. मॉडेलमध्ये विझत होता. माझ्या बशांतही विझत होता.

माझ्या बशांत म्हणजे मी दिलेल्या बशांत. हे नीट सांगायला हवं. हृदयात ठोके देणाऱ्या पेशींबरोबर दुसऱ्याही पेशी असतात, नुसत्या भरणीच्या. त्या जास्त झाल्या की बशीत चट्टा पडतो, आणि त्या चट्ट्यातून लाट जात नाही. अशी बशी प्रयोगाला द्यायची नाही, ही आमच्या प्रयोगशाळेची जुनी पद्धत होती. आपण तांदूळ निवडतो तशी मी रोज सकाळी बशा निवडायचे. एकसारख्या, नितळ असतील त्या ट्रेमध्ये. चट्टेवाल्या बाजूला. त्या बाजूला काढलेल्याही मी लगेच फेकत नसे, दोनचार दिवस पेटीच्या खालच्या खणात ठेवायचे, कधी नवीन मुलांना हात बसवायला लागतात म्हणून.

केतकीचं सगळं जुळत आलं होतं. प्रबंध लिहून झालेला, तोंडी परीक्षेची तारीख ठरलेली, मिनेसोटातल्या एका कंपनीत नोकरी पक्की. आईबाबांचे व्हिसा झाले होते आणि तिकिटंही काढली होती. पदवीदान समारंभात ती झगा घालून टोपी घालणार आणि तिची आई ते बघणार, यावर नागपुरात वर्षभर बोलणं चाललं होतं.

त्या वसंतात बॉबने हॅरल्ड नावाच्या एका गृहस्थांना प्रयोगशाळा दाखवायला बोलावलं. ते फेरीबोटीवर नोकरी करून रिटायर झालेले, हार्ट अटॅक येऊन गेलेला, छातीत ते यंत्र. आम्ही ज्यांच्यासाठी काम करतो त्यातला एक माणूस मुलांनी डोळ्यांनी बघावा, एवढाच बॉबचा हेतू. हॅरल्ड गप्पिष्ट होते. झटका कसा लागतो ते विचारल्यावर म्हणाले, "एकदा बागेत गवत कापताना बसला. तेव्हापासून मी गवत कापत नाही. बायको म्हणते, बहाणा आहे."

केतकीने त्यांना पडद्यावर तिचा भोवरा दाखवला, मग लहान टोल्यांनी तो कसा सरकतो आणि विझतो ते दाखवलं. ते पुढे वाकून बघत राहिले. मग म्हणाले, "छान आहे. म्हणजे माझं हृदय असं दिसतं का?"

साधा प्रश्न. केतकी हो म्हणायला तोंड उघडते आहे असं मला दिसलं, आणि ती थांबली. हार्ट अटॅक आला म्हणजे हृदयाचा एक भाग मरतो आणि तिथे चट्टा पडतो, त्याच भरणीच्या पेशींचा. हे तिला काय, मलाही माहीत होतं. फक्त बशी आणि माणूस एकदम डोळ्यांसमोर कधी आले नव्हते. ती म्हणाली, "तुमचं यापेक्षा थोडं वेगळं असेल." हॅरल्ड म्हणाले, "बरं," आणि कॉफी कुठे मिळेल विचारलं.

ते गेल्यावर ती माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली.

"काकू, त्या खराब बशा टाकल्या का हो?"

"खालच्या खणात आहेत. का?"

"द्या ना मले."

मी हातमोजे काढले आणि तिला म्हटलं, "बस इथे. तुझा प्रबंध झालाय. त्यात लिहिलंयस की एकसारख्या पापुद्र्यात असं होतं. ते खरं आहे की नाही?"

"खरं आहे."

"मग आता कशाला नवीन शेपूट लावतेस? आधी टोपी घाल, मिनेसोटाला जा, आणि मग तिथे त्यांच्या पैशाने काय ते चट्टे बघ."

"तिथे थोडीच बघू देणार आहेत काकू. तिथे तर हेच घेऊन मशीनमध्ये टाकतील. त्यांनी मला त्यासाठीच तर घेतलंय."

"आणि आईला काय सांगशील?"

ती खाली वाकली. खण उघडून ट्रे घेऊन गेली. तेव्हा मला तिचा राग आला होता, हे लपवत नाही. आणि आजही माझा सल्ला अगदीच चुकीचा होता असं मला वाटत नाही. मी तिच्या आईच्या वयाची. मला आधी तिकिटं दिसत होती.

चट्टेवाल्या बशांत काय झालं ते तिने मला पडद्यावर दाखवलं. भोवरा फिरता फिरता चट्ट्यापाशी गेला आणि त्याला चिकटला. पाण्यातला भोवरा खांबाला धरून फिरतो तसा. लहान टोले येत होते, लाटा चट्ट्यापर्यंत पोचत होत्या, आणि हा आपला तिथेच. एक बशी, दुसरी बशी, तिसरी. क्वचित एखादीत सुटायचा. केतकी नुसती बघत होती. मग म्हणाली, "हॅरल्डच्या हृदयात माझं काही चालणार नाही काकू."

बॉबने ओरडावं असं मला मनातून वाटत होतं, म्हणजे ती गप लिहिलेलं सादर करेल. पण तो ओरडणारा माणूस नव्हता. त्याने सगळं बघितलं, खुर्चीत मागे रेलला आणि म्हणाला, "तुझ्यापुढे दोन रस्ते आहेत. आहे ते सादर कर, त्यात खोटं काही नाही, मी सही करतो. किंवा थांब. थांबलीस तर मी तुला पगार देईन, पण कंपनी थांबणार नाही."

ती थांबली. कंपनीने सौजन्याने नोकरी काढून घेतली.

आईबाबा आले, कारण तिकिटं परत होणारी नव्हती. समारंभाच्या दिवशी आम्ही सगळे तिच्या अपार्टमेंटमध्ये पोळ्या खात बसलो होतो, आणि खिडकीतून झगे घातलेली मुलं जाताना दिसत होती. तिची आई, सुनंदाताई, मला स्वयंपाकघरात म्हणाल्या, "तुम्ही तर तिथेच होत्या ना. सांगायचं होतं तिला दोन शब्द."

"सांगितले हो. ऐकलं नाही."

"अजून जोरात सांगायचे." आणि त्यांनी पोळीला असा काही चटका दिला की मी ताटं घ्यायला वळले.

केतकीचे बाबा वीज खात्यातून रिटायर झालेले. ते दुसऱ्या दिवशी म्हणाले, "मला ते पाहायचं आहे, ज्याच्यासाठी हे सगळं होऊन राहिलं." त्यांना घेऊन आम्ही प्रयोगशाळेत आलो. केतकीने आधी नितळ बशी लावली. ते म्हणाले, "ही कशाला दाखवतेस? हिच्यात तर काहीच बिघाड नाही." मग तिने चट्टेवाली लावली. ते हात मागे बांधून बराच वेळ बघत राहिले. "आमच्याकडे लाइनमन फॉल्ट सोडून बाकी सगळी लाइन पाहून आला, की मी त्याला परत पाठवत असे," एवढंच म्हणाले. सुनंदाताई मात्र पडद्याकडे न बघता बाहेरच्या बाकावर बसून होत्या. त्या मला म्हणाल्या, "यांचं काय, यांना तार दिसली की पुरे."

ते दोघं परत गेल्यावर माझं खरं काम सुरू झालं, आणि ते इतकं उलटं होतं की मला हसू यायचं. इतकी वर्षं चांगल्या बशा करायला शिकले, आता खराब बशा करायच्या होत्या. तुम्ही म्हणाल त्यात काय अवघड. पण आपोआप बिघडलेली प्रत्येक बशी वेगळी बिघडते. केतकीला चट्टा हवा होता तो ठरल्या जागी, ठरल्या आकाराचा, दर वेळी तसाच. पेशी वाढल्यावर खरवडून बघितलं, तर कडेच्या पेशीही मरायच्या. भरणीच्या पेशींचा थेंब मधोमध टाकून बघितला, तर तो पांगायचा. शेवटी मऊ रबराची बारीक गोल टिकली कापून ती आधीच काचेला चिकटवली, भोवती पेशी वाढू दिल्या आणि मग ती अलगद उचलून तिथे भरणीच्या पेशी सोडल्या. हे जमेपर्यंत पानगळ आली. पहिली नीट बिघडलेली बशी झाली तेव्हा केतकीने तिचा फोटो काढून फ्रिजवर लावला. डेल जेवायला खाली आला होता, तो म्हणाला, "तुम्हा दोघींना सुट्टीची गरज आहे."

मॉडेलमध्येही तिने मधोमध तसंच भोक ठेवलं. आणि तिथे मॉडेलने तिला एक गोष्ट सांगितली जी आम्हाला कुणाला सुचली नव्हती. एका कोपऱ्यातल्या तारेने टोले देण्याऐवजी बशीच्या दोन्ही बाजूंना पट्ट्या ठेवून सगळ्या बशीतून एकदम हलकी वीज सोडली, तर ती चट्ट्याच्या कडेला जमते. म्हणजे जिथे भोवरा धरून बसलाय नेमक्या त्या जागी, तिथे आत तार न नेता, नवी लाट उठते. वेळ साधली तर तीच लाट भोवऱ्याला सोडवते, आणि सुटलेला भोवरा मग ढकलता येतो. वेळ चुकली तर काहीच होत नाही.

माझ्या बशांत करून बघितलं. बऱ्याच बशांत भोवरा सुटला. काहींत नाही सुटला. बारीक चट्ट्यांना तर त्या विजेचं सोयरसुतकच नव्हतं. केतकीने न सुटलेल्याही सगळ्या प्रबंधात घातल्या. मी म्हटलं, "अगं, निदान वाईटातल्या वाईट तरी काढ." ती म्हणाली, "काकू, तुमचा निवडायचा हात काही जात नाही."

तोंडी परीक्षा पुढच्या हिवाळ्यात झाली. आईबाबांना दुसऱ्यांदा येणं शक्य नव्हतं. आदल्या दिवशी मला सुनंदाताईंचा फोन आला. समारंभानंतर पहिल्यांदाच. "ती जेवून जाईल का उद्या?" मी म्हटलं, मी डबा नेते. मग म्हणाल्या, "तुम्ही पुढेच बसा. तिला कोणीतरी दिसलं पाहिजे."

म्हणून मी पुढच्या रांगेत बसले, प्रोफेसर लोकांच्या बरोबरीने, कांजीवरम नेसून. अर्धं कळलं, अर्धं नाही, पण बशा सगळ्या ओळखीच्या होत्या. परीक्षकांपैकी एक बाई होत्या, चष्मा कपाळावर ठेवणाऱ्या. त्यांनी विचारलं, "हे माणसात चालेल?"

केतकी म्हणाली, "आज नाही. माणसाचं हृदय जाड असतं, चट्टे वेडेवाकडे असतात. पण कुठल्या चट्ट्याला चालत नाही ते आता मी सांगू शकते."

बाईंनी चष्मा डोळ्यांवर घेतला आणि मागच्या पानांवरच्या न सुटलेल्या बशांबद्दलच विचारत राहिल्या. बाकीच्यांबद्दल फारसं नाही.

मग इथल्या रिवाजाप्रमाणे तिला बाहेर पाठवलं आणि आत मंडळी ठरवायला बसली. मी तिच्याबरोबर कॉरिडॉरमध्ये उभी होते. डबा उघडला तर तिने फक्त लोणचं खाल्लं.

"नापास केलं तर काकू?"

"तर माझ्या शेजारी बस आणि बशा लाव. मी लवकरच रिटायर होणार आहे, जागा मोकळी आहे."

"पगार किती आहे?"

"तुझ्यासारखीला परवडणार नाही."

दार उघडलं. बॉब बाहेर आला, हात पुढे केला आणि तिला नावाऐवजी डॉक्टर म्हणाला. मी पदराने तिच्या हाताचं लोणचं पुसलं, कारण तोच हात ती त्याला देणार होती.

पुढचं थोडक्यात. तिला मिनेसोटात नाही, पण इकडेच एका लहान कंपनीत काम मिळालं, पहिल्यापेक्षा कमी पगाराचं. तिची ती पद्धत माणसात मी प्रयोगशाळेत असेपर्यंत तरी गेली नव्हती, जायला अजून किती वर्षं लागतील मला माहीत नाही. हॅरल्ड बॉबला नाताळचं कार्ड पाठवायचे, ते एका वर्षी आलं नाही. विचारायला हवं होतं, कुणी विचारलं नाही.

पण त्या दिवशी कॉरिडॉरमधूनच तिने परदेशी फोनसाठी मिळायचं त्या कॉलिंग कार्डावर नागपूरला फोन लावला. तिथे पहाट होती. बाबांशी बोलली, हसली, थोडी रडली, आणि मग फोन माझ्या हातात दिला. "आईला तुमच्याशी बोलायचं आहे."

सुनंदाताई म्हणाल्या, "झालं म्हणे."

"झालं. छान बोलली. मी पुढेच बसले होते."

"आणि त्या खराब बशा? त्या चालल्या का शेवटी?"

"काही चालल्या. काही नाही."

तिकडे भांड्याचा आवाज आला, चहा ठेवत असाव्यात. मग म्हणाल्या, "तिला सांगा, मला फोटो पाठव म्हणावं. शेजारी दाखवायला लागेल."

"टोपी घातलेला काढून ठेवते."

"टोपीचा पाठवाच. पण एक त्या बशीचा पण पाठवा. चांगलीचा नको. जिच्यापायी मी तुमच्या त्या अमेरिकेत समारंभाच्या दिवशी पोळ्या लाटत बसली, तिचा पाठवा. एकदा पाहू तर द्या मला ती."